बजाबाई गप्प बसली तेव्हा

विरुपाक्ष शेलारवस्तीच्या काठाला पहिल्यांदा उतरला, त्या दिवशी उजनीच्या पाण्यावर बसलेले सगळे रोहित पक्षी एकदम उडाले आणि, वस्तीवरचे लोक शपथेवर सांगतात, त्यातले निम्मे त्या वर्षी परत आलेच नाहीत. खांबावर चढलेला वायरमन काम अर्धं टाकून खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. काठावरच्या पाण्याच्या मोटारी, ज्या वीज गेल्याशिवाय कुणाच्या बापाला ऐकत नाहीत, त्यांनीही आवाज बारीक केला. काही मासे घाबरून आपणहून जाळ्यात शिरले, असंही एक जण सांगतो. पण तो माणूस मासे विकतो, त्यामुळे त्याचं सोडून द्या.

एवढ्या उलथापालथीचं कारण इतकंच की, होडीतून उडी मारताना विरुपाक्षचा बूट केळीच्या एका मुनव्यावर पडला. केळीच्या बुंध्याशी जे कोवळं पिल्लू फुटतं तो मुनवा. तो मुनवा बजाबाईचा होता. बजाबाई त्या वेळी चांगली दोन शेतं लांब, पाठमोरी, वाकून गवत काढत होती. तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. मुनवा मोडल्याचा आवाज तिला बहुधा पोटातूनच आला असावा.

"कोण रं त्यो कडू बेण्या? तुज्या मोटारसायकलीच्या चाकाला काटं, तुज्या डब्यातल्या भाकरीला बुरशी, तुज्या लग्नाच्या मांडवाला वाळवी, आन् तुज्या सात पिढ्यांच्या उतरंडीला मुंग्या लागू दे रं, मुडद्या!"

हे सगळं एका दमात. मध्ये श्वास नाही, खाकरणं नाही. विरुपाक्ष गुडघाभर चिखलात आपली निळी बॅग डोक्यावर धरून उभा होता. त्याची मोटारसायकल पलीकडच्या काठावर होती, डबा बॅगेत होता आणि लग्न ठरत नव्हतं. या बाईला हे सगळं कसं कळलं, याचं त्याला जास्त आश्चर्य वाटलं.

विरुपाक्ष मूळचा सोलापूरच्या भवानी पेठेतला. घरात कानडी, गल्लीत मराठी, समोरच्या यंत्रमागाच्या खोलीत तेलुगू, अशा तीन भाषांत त्यानं लहानपणापासून बोलणी खाल्ली होती. पण पाण्यावरून घरंगळत येणारी बोलणी त्याला नवीन होती. आयुर्वेदाची पदवी घेऊन, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन तो सरकारी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी झाला होता. हे नाव इतकं लांब की वस्तीवर ते कुणी पुरतं म्हटलंच नाही. बाकीचे 'डाक्टर' म्हणत. बजाबाई 'सुईवाल्या' म्हणे.

शेलारवस्ती म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची एक जीभ. धरण भरलं की तिन्ही बाजूंनी पाणी, आणि चौथ्या बाजूचा रस्ताही पाण्याखाली. मग दिवाळीपासून होळीपर्यंत जायचं-यायचं ते होडीनं. मोबाइलला रेंज फक्त मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर. वस्तीवर कुणाला फोन करायचा असेल तर आधी तो माणूस पत्र्यावर चढलाय का, हे कळायला हवं. आणि ते कळायला फोन करायला हवा.

बजाबाईला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं. "पानी आलं तवा मी नवी नवरी हुते," एवढाच तिचा जन्मदाखला. सासरचं जुनं गाव त्या पाण्यात गेलं. नवरा पुढं दहा-बारा वर्षांनी गेला. मागं राहिला तो उंचवट्यावरचा तुकडा, मांडीवरचा उदयसिंह आणि आवाज. या तिघांवर तिनं केळीची बाग उभी केली. लोक म्हणत, बजाबाईच्या केळीला पाणी कमी आणि शिव्या जास्त लागतात. घड मात्र असे यायचे की, व्यापारी तिच्या शिव्या खात खात रांग लावायचे.

तिच्या शिव्यांत प्रतवारी होती. कावळ्याला वेगळी, मोटारीला वेगळी, वीज मंडळाला वेगळी. देवालासुद्धा एक राखून ठेवलेली होती, ती गारपिटीला निघायची. सून वैजयंती सांगायची, "आत्यांचा आवाज बारीक झाला की समजायचं, ऊन डोक्यावर आलं, आता जेवायला येतील." एवढं त्या आवाजाचं घड्याळ होतं. विरुपाक्षच्या वाट्याला पहिल्या दिवशीची ती लांबलचक शिवीच कायमची आली. दर खेपेला तो काठाला लागला की ती सुरू व्हायची, आणि तो मुनवे चुकवत, टुणटुण उड्या मारत वर येईपर्यंत संपायची. दोन वर्षांत तिच्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तपासून घेणं मात्र तिला साफ नामंजूर. रक्तदाबाची पट्टी दंडाला लावू दिली तर लावू दिली. पाठीला स्टेथोस्कोपची नळी लावायची म्हटलं की, "पाट दावायला मी काय बाजारातला बैल हाय व्हय रं?" पहिल्या वेळी विरुपाक्षनं हट्ट केला. तेव्हा तिनं खुरपं जमिनीत रोवलं आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. पुढं त्यानं पाठीचा विषय काढला नाही.

आणखी एक भानगड त्याच्या मशीनची होती. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, रक्तातला प्राणवायू किती ते सांगणारं, ते. शेलारवस्तीवर सगळ्यांची बोटं केळीच्या चिकानं काळी. तो चीक नखांत असा बसतो की साबणानं जात नाही. त्यामुळे ते मशीन वस्तीवर काय वाटेल ते सांगायचं. एकदा तर धडधाकट उदयसिंह तिसरी भाकरी मोडत असताना मशीननं त्याला जवळजवळ मेलेला ठरवलं. सगळी वस्ती पोट धरून हसली. "मग ही भाकर कोन खातंय, भूत?" असं बजाबाईनं विचारलं. तेव्हापासून विरुपाक्ष ते मशीन लावायचा, आकडा बघायचा आणि सोडून द्यायचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी तो काठाला लागला, आणि काहीच झालं नाही.

तो होडीतच थांबला. कान टवकारले. पाणी चुबुकचुबुक करत होतं, मोटार चालू होती. त्यानं भीत भीत एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. गडबडीत एका मुनव्याला धक्काही लागला. तरी शांत.

बजाबाई घराच्या भिंतीला टेकून उन्हात बसली होती, अंगावर वाकळ. त्याला बघून ती म्हणाली, "या डाक्टर. बसा."

विरुपाक्षनं मागं वळून पाहिलं, कुणी दुसरा डॉक्टर आलाय की काय म्हणून.

"वैजे, त्यास्नी च्या कर," बजाबाई हळू म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

वैजयंती चहा घेऊन आली ती गालांत हसत. "परवापासनं असंच हाय बघा. काल कावळ्यानं कुरडया नेल्या, तरी गप. जेवान जरा कमी झालंय, पर भांडान बी न्हाय. आमी म्हनलं, आसू दे, वय झालं, निवल्या आत्या. मी लगीन होऊन आले तवापासनं पयल्यांदा सकाळी रेडिओ ऐकला."

विरुपाक्षनं थर्मामीटर लावलं; ताप नव्हता. खोकला? "हाय थोडा, थंडीचा." दम लागतो का, असं त्यानं विचारलं तर बजाबाईनं मान हलवली, ती हो होती की नाही, हे त्यानं नीट पाहिलं नाही. बोटाला मशीन लावलं. आकडा घसरलेला होता. त्यानं तिची काळी नखं बघितली आणि हसून म्हणाला, "आजी, तुमच्या केळीनं माझं मशीन पुन्हा बिघडवलं."

ही खरं तर भूतवाल्या विनोदाची वेळ होती. बजाबाई काही बोलली नाही.

नळी त्याच्या गळ्यातच लटकत होती. आज म्हटलं असतं तर तिनं पाठ दिली असती, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि याच गोष्टीनं पुढं त्याला सर्वांत जास्त छळलं. त्याला कळलं होतं. पण मनात आलं, कशाला? दोन वर्षांत पहिल्यांदा ही बाई आपल्याला अहो-जाहो करतेय, चहा पाजतेय. नळी लावली आणि पुन्हा तोंड उघडलं तर? तो निवांत बसला. दुसरा चहा घेतला. वैजयंतीच्या रेडिओवर गाणी ऐकली. पाण्यावर मावळणाऱ्या सूर्याचा व्हिडिओ काढला. ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि निघाला. वैजयंतीनं पिकलेल्या केळ्यांची फणी पिशवीत घालून दिली. "आत्यांनीच द्या म्हनलं," ती म्हणाली.

ती केळी घेऊन जेऊर स्टेशनवर बसलेला विरुपाक्ष त्या संध्याकाळी सोलापूर जिल्ह्यातला सर्वांत सुखी सरकारी नोकर होता.

रविवारी सकाळी भवानी पेठेतल्या घरी त्याची आई निंगव्वा भाकऱ्या थापत होती. निंगव्वाचं तोंडही भाकरीच्या लयीत चालू: मागच्या गल्लीतली रत्नम्मा, नळाचं पाणी, विरुपाक्षचं न जमणारं लग्न, आणि पुन्हा रत्नम्मा. मधेच तिची नजर केळ्यांवर गेली.

"यारु कोट्टरो? कुणी दिली रे एवढी छान?"

विरुपाक्षनं सगळी गोष्ट रंगवून सांगितली. या म्हणाली, बसा म्हणाली, कावळ्याला काही बोलली नाही. "दोन वर्षांनी सुधारली बघ म्हातारी," तो म्हणाला.

निंगव्वाचा हात थांबला. "अन् मी उद्या गप्प बसले तर? तू अशीच केळी खात बसशील?"

ती चिडवत होती. तिला दुसरं काही म्हणायचंच नव्हतं. लगेच तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि रत्नम्माचा धागा पकडला. विरुपाक्षच्या हातातलं केळं मात्र अर्धं सोललेलं तसंच राहिलं.

प्रशिक्षणातलं ते पान त्याला फळ्यावर लिहिल्यासारखं दिसायला लागलं. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत संसर्ग झाला की कधी ताप येतच नाही. खोकलाही फारसा नसतो. माणूस नुसता मलूल होतो, जेवण तोडतो, गप्प होतो, बरळतो. म्हणून तापावर जायचं नाही. कपडा बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, पाठ ऐकायची. हा प्रश्न त्याला परीक्षेत आला होता. त्यात त्याला पैकीच्या पैकी मार्क होते.

त्यानं उदयसिंहला फोन लावला. उदयसिंह पत्र्यावर नव्हता. पुन्हा लावला. रविवारी कोण कशाला पत्र्यावर चढतंय? विरुपाक्षनं हातातलं केळं तसंच खाली ठेवलं आणि पायात बूट घालायला लागला.

"अरे, जेवून जा की!" निंगव्वा ओरडली.

"नको," तो म्हणाला. "काल लई खाल्लं."

पॅसेंजर त्या दिवशी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती, म्हणजे रोजच थांबते. पण विरुपाक्षला वाटलं, ती आज मुद्दाम थांबतेय. होडी त्यानं स्वतः वल्हवली आणि दोनदा उलट्या बाजूला नेली. काठाला लागल्यावर तो मुनवे तुडवत सरळ पळत सुटला. मोडल्याचा आवाज चांगला मोठा आला. पण शिवी आली नाही.

बजाबाई आत बाजेवर होती. वैजयंतीला ती "मामी, मामी" म्हणून हाक मारत होती. मामी म्हणजे तिची सासू. तिला मरून चाळीस वर्षं झाली असतील. वैजयंतीचा चेहरा उतरला होता आणि रेडिओ बंद होता.

विरुपाक्षनं वाकळ बाजूला केली. ते करायला किती सोपं होतं! श्वासासरशी बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. त्यानं घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला चाळीसच्या घरात गेले. धडधाकट माणूस त्याच्या निम्मेसुद्धा घेत नाही. मग वैजयंतीकडून रॉकेल आणि गरम पाणी मागवून बजाबाईचं एक बोट त्यानं घासून घासून साफ केलं, नख गुलाबी व्हायला हवं होतं तोवर. चीक गेला. नख गुलाबी झालं नाही, निळसर राहिलं. मशीन लावलं तर आकडा कालच्याहून खाली. आता केळीवर ढकलायला काही उरलं नव्हतं.

तिला उठवून बसवलं आणि पाठीला नळी लावली. उजव्या बाजूला, खाली, वाळलेल्या केळीच्या पाल्यावरून कुणी पाय न वाजवता चालायचा प्रयत्न करावा, तसा आवाज येत होता. काल हाच आवाज इथं होता. तेव्हा विरुपाक्ष रेडिओ ऐकत होता.

पत्र्यावर चढून त्यानं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलेलं अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन दिलं, प्राणवायूची गाडी पलीकडच्या काठावर मागवली. उदयसिंहनं आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, लुगड्यानं खुर्चीला बांधलं आणि खुर्ची होडीत ठेवली. आडवी टाकायची नाही, बसतीच ठेवायची, असं विरुपाक्षनं बजावलं होतं. गावदेवीची पालखी पाण्यातून निघावी तशी बजाबाई निघाली. फक्त देवी इतकी गप्प कधी नसते.

"आज्जी," अर्ध्या पाण्यात विरुपाक्ष तिच्या कानाशी म्हणाला, "येताना मी तुमचे तीन मुनवे तुडवले. मुद्दाम."

बजाबाईनं डोळे किलकिले केले.

"आसू द्या," ती म्हणाली.

इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

तालुक्याच्या रुग्णालयात तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. पहिले काही दिवस काही सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणत होते. विरुपाक्ष रोज काम आटोपून जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. उदयसिंह त्याचा हात धरून म्हणायचा, "डाक्टर, रविवारचं धावून आलासा. सख्खा भाऊ येत न्हाय." विरुपाक्ष सांगायचा, "मी शनिवारीच ओळखायला पाहिजे होतं." उदयसिंहला तो विनय वाटायचा. आपल्या साहेबांनाही त्यानं सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, यापुढं बोट आधी धुवून मगच मशीन लावायचं, अशी सगळ्यांना ताकीद दिली आणि त्याला चहा पाजला. त्याला चहा नको होता.

बजाबाई वाचली. घरी आली. आणि वस्तीनं विरुपाक्षचा सत्कार केला.

शाल, नारळ, फेटा. माइकवर उदयसिंहनं "आमच्या आईला मरणाच्या दारातून" अशी सुरुवात केली. विरुपाक्ष उठला. "तसं नाही," तो म्हणाला, "शनिवारी माझी चूक झाली..." तेवढ्यात टाळ्या पडल्या. एवढा मोठा डॉक्टर आणि बोलतो कसा साधा, असं मागून कुणी म्हणालं. फेटा सैल बांधला होता, तो डोळ्यांवर आला. तेवढंच एक त्या कार्यक्रमात त्याच्या मनासारखं झालं.

खरी शिक्षा पुढं होती. तो काठाला लागला की बजाबाई उठून उभी राहायची. "या डाक्टर." पाठ स्वतःहून पुढं करायची. मुनव्यावर पाय पडला तरी, "आसू द्या, तुमचंच हायती." विरुपाक्षला जेवण जाईना. त्या 'आसू द्या'पेक्षा पोटात खुरपं परवडलं असतं.

शेवटी एका दुपारी, वैजयंती बागेत असताना, त्यानं तिच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं. नळी गळ्यात होती ते सांगितलं. दुसरा चहा, रेडिओ, सूर्याचा व्हिडिओ, काहीच गाळलं नाही.

बजाबाईनं ऐकलं.

"म्हंजी मी शिव्या दिल्या असत्या, तर तू नीट बगितलं असतंस?"

'तू' ऐकूनच विरुपाक्षचे डोळे भरून आले. "व्हय."

"आन् मी बरी बोलले, म्हनून मराय टाकलंस."

"व्हय, आज्जी."

"च्या पीत बसलास."

"दोनदा."

बजाबाईनं पदर खोचला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि छाती भरून घेतली. "तुज्या मोटारसायकलीच्या चाकाला काटं, तुज्या डब्यातल्या भाकरीला बुरशी, तुज्या लग्नाच्या मांडवाला..."

तिथं दम संपला. ती थांबली, धापा टाकत राहिली. हातानं त्याला 'थांब' अशी खूण केली आणि पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पुन्हा मांडवाशीच अडकलं. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पूर्वीसारखा उघडत नाही, पुढंही उघडणार नाही, हे रुग्णालयानं त्याला आधीच सांगितलं होतं. पण तेव्हा त्याला ते ऐकून इतकं कळलं नव्हतं.

"वाळवी," विरुपाक्ष हळूच म्हणाला. "आन् सात पिढ्यांच्या उतरंडीला मुंग्या लागू दे रं, मुडद्या."

"त्येच," बजाबाई म्हणाली. तिनं त्याला मोडलेला मुनवा दाखवला आणि तो उपटून दुसरा लावायला सांगितला. त्यानं लावला, वाकडा लावला.

त्यानंतर ती शिवी दोघं मिळून देत असत. मांडवापर्यंत ती, पुढं तो.

दीड वर्षानं, आषाढात, बजाबाई पुन्हा छातीच्याच दुखण्यानं गेली. त्या दिवशी विरुपाक्ष सोलापुरात प्रशिक्षणाला होता. विषय मधुमेह होता. जेवणात श्रीखंड होतं.